रामलिंगला कसे जावे, कसे परत यावे?

आपल्या महाराष्ट्रात ६ राष्ट्रीय उद्याने आहेत. ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि मुंबईचे संजय गांधी उद्यान. त्यांतले एकही मराठवाड्यात नाही. पण हिरमुसू नका! आपल्या धाराशिव जिल्ह्यात येडशी रामलिंग घाट अभयारण्य आहे. ते १९९७ साली जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २२ चौरस किलोमीटर आहे. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारायला मुळीच मनाई असते. अभयारण्यात परवानगीने काही ठिकाणी चारता येतात.

दरीत रामलिंगाचे देऊळ आहे. रावणाशी लढून जखमी झालेला जटायू इथेच पडला, असे म्हातारी माणसे सांगतात. पावसाळ्यात धबधबा कोसळतो. मोर आणि माकडे तर हमखास दिसतात.

जाताना : आधी येडशी गाठावी. धाराशिवहून ती सुमारे २० किलोमीटर आहे. सोलापूर-धुळे आणि बार्शी-लातूर हे रस्ते येडशीला मिळतात, म्हणून एस.टी. चारही बाजूंनी येते. मात्र चढतानाच कंडक्टरला विचारावे, "गाडी येडशीच्या थांब्यावर जाते का, बाहेरूनच?" ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट. २०२३ पासून आई-ताईलाही अर्धेच. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना फुकट, पण ओळखपत्र जवळ हवे. येडशीला रेल्वे स्टेशनही आहे. आजोबांच्या वेळी तिथे बार्शी लाइटची छोटी गाडी यायची. २००८ पासून मोठी गाडी येते.

येडशीहून देऊळ सुमारे ३ किलोमीटर. रिक्षा मिळाली तर ठीक, नाहीतर पायी.

परत येताना : खरी पंचाईत इथेच होते! जाताना सगळे गाडीची वेळ विचारतात, येतानाची कुणी विचारत नाही. म्हणून येडशीला उतरल्या उतरल्या परतीची वेळ विचारून वहीत लिहावी. मग उलटे गणित करावे. समजा, गाडी ५ वाजता आहे. लहान मुलांसह चालायला १ तास. पायऱ्या चढायला आणि दम खायला अर्धा तास. म्हणजे साडेतीनला देवळातून निघायचंच. ती गाडी चुकली, तरी पुढची मिळेपर्यंत उजेड असतो.

अंधाराआधी का निघायचं? कारण संध्याकाळी जनावरे पाण्यावर येतात. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या कॅमेऱ्यात चक्क वाघ दिसला! तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून आला होता. चारशेहून जास्त किलोमीटर, तेही पायी! वाटेत शेते, रस्ते, गावे असतानाही तो आला, कारण त्याला राहायला जंगल हवे होते.

पालकांनाही विनंती. माकडांना खाऊ देऊ नये, ती पिशव्या ओढायला शिकतात. खाऊचे कागद पिशवीत परत आणावेत. दिवस आपला, रात्र त्यांची. एवढे पाळले, तर आपण सुखरूप घरी येऊ आणि तेही आपल्या घरी सुखात राहतील.