‘गोश’ आणि आपला ‘डावा’

इंग्रजींतील ‘गोश’ हा शब्द मूळचा फ्रेंच असून त्याचा तेथील पहिला अर्थ केवळ ‘डावा’ असा आहे. अठराव्या शतकांत इंग्रजांनीं तो उचलला, तो मात्र लोकांतील अवघडलेपणासाठीं. ज्याच्या हातून चहाचा पेला निसटतो तो ‘क्लम्झी’, म्हणजे आपला धांदरट. चारचौघांत काय बोलावें व केव्हां गप्प बसावें हें ज्याला उमगत नाहीं तो ‘गोश’. त्याला ‘गांवढळ’ म्हणून भागत नाहीं, कारण पदवीधर शहरवासीही ‘गोश’ असूं शकतो; पुष्कळदां असतोच.

उलट, हस्तकौशल्याचा वाचक ‘डेक्स्टेरिटी’ हा शब्द लॅटिन ‘डेक्स्टर’ म्हणजे ‘उजवा’ यापासून निघाला. हा ‘डेक्स्टर’ आपल्या ‘दक्षिण’ शब्दाचा सगोत्र होय. संस्कृतांतही ‘दक्षिण’ म्हणजे उजवा, तसाच निपुण आणि सौजन्यशील. ‘दाक्षिण्य’ त्यावरूनच आलें. मराठींतही डावें तें कमी प्रतीचेंच. परंतु संस्कृतानें डाव्याची सर्वस्वीं उपेक्षा केलेली नाहीं. ‘वाम’ म्हणजे प्रतिकूल, तसेंच सुंदरही. ‘वामलोचना’ ही सुनयना, डाव्या डोळ्याची नव्हे! आणि ‘सव्य’ म्हणजे डाव्या हातानेंही बाण सोडणारा अर्जुन ‘सव्यसाची’ या नांवानें गौरविला गेला.