नदी ओलांडली, विद्यापीठ बदललं!

वणीच्या पुढे वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो. अन् विद्यापीठही बदलतं! यवतमाळची कॉलेजं अमरावती विद्यापीठाची, चंद्रपूरची गोंडवाना विद्यापीठाची. समजा, बाबांची बदली झाली. ताईचं इथलं पहिलं वर्ष तिकडे धरतील का? विषय जुळले नाहीत, तर वर्ष वाया जायची भीती.

२०२१ साली यावर एक युक्ती निघाली, 'अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'. ही बँक पैशांची नव्हे बरं का, पास झालेल्या विषयांच्या श्रेयांकांची! ते जास्तीत जास्त ७ वर्षं टिकतात. मात्र दोन्ही विद्यापीठं त्यात सामील हवीत.

राहिलेला एखादा विषय घरबसल्या शिकायला २०१७ पासून 'स्वयम्' आहे. शिकणं फुकट. परीक्षेला मात्र फी पडते, अन् ती केंद्रावर जाऊनच द्यायची.

खरी मेख पुढेच आहे. कोणता ऑनलाइन विषय धरायचा, हे नवं कॉलेज अन् विद्यापीठ ठरवतं. न विचारता केला, तर सगळी मेहनत पाण्यात! म्हणून ताईला सांगा, नाव नोंदवण्याआधी कॉलेजकडून लेखी घे. आणि गावात रेंज नसेल, तर तालुक्याला गेल्यावर धड्यांचा मजकूर छापून आण.