खांबावरचा वीज जोड सैल झाला तर काय करावे?

सौभाग्य योजना सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाली. या योजनेतून तुमच्या घरी वीज आली असेल, तर मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायर खांबावरील मुख्य तारेला जोडलेली आहे. अभनपूर (जि. रायपूर) भागात वीजपुरवठा छत्तीसगड राज्य वीज वितरण कंपनी करते. खांबावरचा जोड दुरुस्त करणे हे कंपनीचे काम आहे.

जोड कसा असतो?
मुख्य तारेवर आवरण असेल, तर दातेरी कनेक्टर बसवतात. बोल्ट आवळला की त्याचे दात आवरण भेदून आतल्या ॲल्युमिनियमपर्यंत पोहोचतात. त्यामुळे तार सोलावी लागत नाही.

जोड सैल झाल्याचे कसे ओळखाल?
• वारा सुटला की दिवे लुकलुकतात.
• पंखा अचानक मंद होतो.
• खांबावर ठिणग्या दिसतात किंवा जळका वास येतो.
थ्री-फेज लाइनवर न्यूट्रलचा जोड सुटला, तर काही घरांत व्होल्टेज वाढून बल्ब, टीव्ही जळू शकतात.

तुम्ही काय कराल?
१. घरातील मेन स्विच बंद करा.
२. १९१२ वर तक्रार करा. बिलावरील ग्राहक क्रमांक व खांबाची जागा सांगा. तक्रार क्रमांक लिहून ठेवा.
३. खांबावर चढू नका, खासगी वायरमनलाही चढवू नका.
४. आकडा टाकू नका. उघड्या जोडाने जीव जाऊ शकतो. शिवाय विद्युत अधिनियम २००३, कलम १३५ नुसार वीजचोरीसाठी तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.