मिझो डोंगरांतील मूठफंड

एखाद्या सार्वजनिक कामाला पैसा कोठून येतो हे पाहिले म्हणजे त्या कामाचा खरा धनी कोण हे फारसे विचारावे लागत नाही. एकाच दात्याच्या थैलीवर चाललेली संस्था त्या दात्याची मर्जी सांभाळते. दहा हजार माणसांच्या वर्गणीवर चाललेल्या संस्थेला दहा हजार माणसांचे बोलणे ऐकून घ्यावे लागते. युनियनच्या वर्गणीच्या पावत्या फाडण्यात आम्ही तीस वर्षे घालविली आहेत, त्यामुळे कोणत्याही संघटनेची माहिती वाचावयास घेतली की आमची नजर आधी तिच्या जमाखर्चाकडे जाते. मिझो लोकांच्या ख्रिस्ती मंडळ्यांविषयी वाचतानाही हेच झाले. धर्माचे प्रकरण बाजूला राहिले आणि स्वयंपाकघरातल्या तांदळाचे प्रकरण आम्ही आधी उघडले.

मिझो भाषेत त्याला 'बुह्फाइ थाम' म्हणतात. शब्दश: अर्थ मूठभर तांदूळ. घरची बाई भात टाकण्यासाठी तांदूळ मोजून घेते, आणि ते धुवावयास घेण्यापूर्वी त्यांतली एक मूठ काढून बाजूच्या डब्यात टाकते. पुढच्या जेवणाच्या वेळी पुन्हा एक मूठ. साचलेले तांदूळ घरोघर गोळा होऊन देवळाकडे जातात, तेथे त्यांची विक्री होते आणि आलेला पैसा मंडळीच्या कामाला लागतो. ही चाल १९१० च्या सुमारास सुरू झाली. तेव्हा त्या डोंगरांत रोख पैसा घरात असणे ही दुर्मिळ गोष्ट होती. फिरत्या शेतीवरचे भात मात्र प्रत्येक घरी होते. तेव्हा वर्गणी धान्यात घ्यावयाची, आणि तीही जिच्या हातात धान्याची किल्ली त्या बाईच्या हातून, हे ज्यांना सुचले त्यांना संघटनेचे मर्म कळलेले होते असे आम्ही म्हणू.

आपल्याकडे मूठफंड ही गोष्ट अपरिचित नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगांना खेड्यापाड्यांतून धान्य जात असे, आणि पैसाफंडातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. फरक एवढाच की आपल्याकडचे असे फंड त्या त्या माणसाबरोबर आणि त्या त्या पिढीबरोबर मावळले. मिझोंचा फंड शंभर वर्षे उलटून गेली तरी चालू आहे, आणि त्याच्या बळावर त्यांच्या मंडळ्या आता बाहेरच्या पैशाची वाट न पाहता आपलेच प्रचारक बाहेर धाडतात. मूठ लहान असते म्हणून ती देताना कोणाला जड जात नाही, आणि ती रोजची असते म्हणून विसरत नाही. महिन्याच्या महिन्याला वर्गणी मागावयास जाणाऱ्या कार्यकर्त्याने ह्यावर विचार करावा.

आता हे लोक कोण, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. आसामच्या दक्षिणेस, ब्रह्मदेशाच्या सीमेला लागून जे उभे डोंगर आहेत त्यांना इंग्रजी अमदानीत लुशाई हिल्स म्हणत. डोंगराच्या माथ्यावर गाव, गावाला एक सरदार, त्याला त्यांच्या भाषेत 'लाल' म्हणतात. कछारच्या चहामळ्यांवर ह्या लोकांचे छापे पडत. मळेवाल्यांची जंगलतोड डोंगराकडे सरकत चालली होती, हे त्या छाप्यांचे एक कारण होते. १८७१-७२ साली इंग्रजांनी पहिली मोठी मोहीम केली आणि १८८९-९० च्या मोहिमेनंतर तो मुलूख कायमचा ताब्यात घेतला. मिशनरी आले ते ह्या फौजेच्या मागोमाग आले. हे झाकण्यात अर्थ नाही, पण एवढे सांगून सगळी हकीकत संपते असे मानण्यातही अर्थ नाही.

जेम्स हर्बर्ट लॉरेन आणि फ्रेडरिक विल्यम सॅव्हिज हे दोघे इंग्रज तरुण ११ जानेवारी १८९४ रोजी नदीमार्गाने त्या डोंगरांत पोहोचले. तो दिवस आजही मिझोरामात सुट्टीचा आहे. लीड्स शहरातील रॉबर्ट आर्थिंग्टन नावाच्या एका विक्षिप्त धनिकाने त्यांचा खर्च सोसला होता. हा गृहस्थ स्वत: भिकाऱ्यासारखा राही आणि पैसा परमुलखातील मिशनांना देई. चार वर्षे दोघे ऐझॉलला राहिले. त्या चार वर्षांत बाप्तिस्मा एकाचाही झाला नाही. परंतु ज्या भाषेला लिपी नव्हती तिला त्यांनी रोमन अक्षरांत बसविले, वाचनपुस्तक केले, व्याकरण आणि कोश तयार केला. १८९७ च्या अखेरीस आर्थिंग्टनच्या धोरणाप्रमाणे त्यांना तेथून निघावे लागले. त्यांच्या जागी वेल्सच्या मिशनचे डी. ई. जोन्स आले, आणि २५ जून १८९९ रोजी खुमा आणि खारा ह्या दोन मिझोंचा पहिला बाप्तिस्मा झाला. लॉरेन आणि सॅव्हिज १९०३ साली बाप्टिस्ट मिशनतर्फे परत आले ते दक्षिणेकडे, लुंगलेइजवळ सेरकॉनला. उत्तर प्रेस्बिटेरियनांची आणि दक्षिण बाप्टिस्टांची, ही वाटणी तेव्हापासून ठळक झाली. लॉरेनने कोशाचे काम सोडले नाही. त्याचा मोठा मिझो कोश १९४० साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने प्रसिद्ध केला. जो कामगार पावतीवरची अक्षरे स्वत: वाचू शकतो त्याला फसविणे अवघड असते, म्हणून अक्षरांच्या ह्या कामाला आम्ही प्रवचनांपेक्षा अधिक मान देतो. २०११ च्या खानेसुमारीत मिझोरामात शेकडा एक्क्याण्णव माणसे साक्षर आढळली.

येथवरची गोष्ट सरळ आहे. आता अवघड भाग येतो, आणि आमच्या दृष्टीने सगळ्या हकीकतीतला तोच महत्त्वाचा आहे.

सरदाराच्या घरी 'बॉइ' नावाची माणसे असत. दुष्काळात खाण्याची भ्रांत पडलेले कुटुंब, विधवा, पोरकी मुले सरदाराच्या आश्रयाला जात. तो त्यांना छप्पर आणि भात देई, आणि ती त्याची लाकडे फोडीत, पाणी भरीत, शेत कसत. काही बॉइ निराळ्या प्रकारचे होते. गुन्हा करून सूडाच्या भीतीने सरदाराच्या घराचा आसरा घेणारे त्यांत असत, लढाईत पक्ष बदलून आलेलेही असत. सुटावयाचे तर चाळीस रुपये अथवा एक मिथुन, म्हणजे त्या बाजूचा रानटी गव्यासारखा बैल, भरावा लागे. हातात रुपया नसलेल्या माणसाला चाळीस रुपये म्हणजे जन्माची बेडी झाली. मुलेही त्याच बंधनात वाढत.

डॉक्टर पीटर फ्रेझर हा वेल्श वैद्य १९०८ साली मिशनच्या कामावर ऐझॉलला आला. दवाखान्यात येणाऱ्यांकडून त्याला ही व्यवस्था कळली आणि तो स्वस्थ बसेना. ही गुलामगिरी आहे, आणि ब्रिटिश राज्यात गुलामगिरी चालू देता येणार नाही, असे त्याने सुपरिंटेंडेंट कोल ह्यांना स्पष्ट कळविले. सरकारचे उत्तर असे की ही गुलामगिरी नव्हे, गरिबांचा सांभाळ करण्याची ही त्यांची जुनी रीत आहे. ती मोडलीत तर विधवा कोठे जातील? हे उत्तर वाचताना आम्हाला मोठी ओळख पटली. मालकाच्या कचेरीत टेबलाच्या पलीकडून हेच वाक्य आम्ही किती वेळा ऐकले आहे! आम्ही ह्यांना पोटच्या पोरांसारखे सांभाळतो, असे म्हणतात. मग ते पोर दार उघडून जावयास निघाले की त्याच्यापुढे हिशेबाची वही का येते? सांभाळ आणि बंधन ह्यांतला भेद ओळखण्याची खूण एकच आहे: माणसाला मोकळेपणाने निघून जाता येते की नाही.

सरकारच्या म्हणण्यात मुळीच तथ्य नव्हते असे नाही. त्या डोंगरांत अनाथाला दुसरा आसरा नव्हता हे खरे. पण त्यावर उपाय दुसरा आसरा उभा करणे हा होता, बेडी कायम ठेवणे हा नव्हता. फ्रेझरला सांगण्यात आले की ह्या प्रकरणात हात घालणार नाही असे लिहून दे. त्याने ते दिले नाही, आणि १९१२ साली त्याला तो मुलूख सोडावा लागला. मिशन त्याच्या पाठीशी उभे राहिले नाही. शाळा, दवाखाने, प्रवासाचे परवाने सगळे सरकारच्या मर्जीवर होते, आणि जुने मिशनरी सरकारचेच म्हणणे खरे धरीत होते. फ्रेझरने विलायतेत जाऊन हा प्रश्न पार्लमेंटच्या सभासदांपर्यंत नेला. त्या वेळी तो हरला. पण प्रश्न एकदा उजेडात आला तो पुन्हा झाकता आला नाही, आणि पुढल्या काळात ही पद्धत सुटत सुटत संपली. सरदारांच्या हक्कांविरुद्ध पुढे मिझोंनीच चळवळ केली. १९४६ साली स्थापन झालेल्या मिझो युनियनने ती लढविली आणि १९५४ च्या कायद्याने सरदारक्या गेल्या.

वेठीची गोष्ट जाता जाता सांगतो. सरकारी सामान वाहण्याची सक्ती घराघरावर होती. पहिल्या महायुद्धात १९१७ साली सुमारे एकवीसशे मिझो मजूर फ्रान्सला गेले, ते लढावयास नव्हे, हमाली करावयास. त्याचा मोबदला म्हणून त्यांना घरच्या वेठीतून सूट मिळाली! हमालीतून सुटण्यासाठी सात समुद्रांपलीकडे जाऊन हमाली करावयाची.

मिझोंचा एक जुना शब्द आहे, 'त्लॉम्ङाइह्ना'. त्याला मराठीत एक शब्द सापडत नाही. दुसऱ्यासाठी स्वत: झिजणे, आणि झिजलो हे बोलून न दाखविणे, असा त्याचा भाव. हा गुण पोरांत मुरविण्याची जागा म्हणजे 'झॉल्बुक', गावातील अविवाहित तरुणांचे झोपण्याचे सामाईक घर. आग लागली, वाघ आला, कोणी आजारी पडून परगावाहून उचलून आणावयाचा झाला, की झॉल्बुकातले तरुण धावत. शाळा आल्या, मुले रात्री घरी अभ्यासाला बसू लागली आणि झॉल्बुके ओस पडली. एक चांगली संस्था मिशनच्या शिक्षणानेच मोडली असे म्हणावयास हरकत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी १५ जून १९३५ रोजी ऐझॉलला तरुणांचा संघ स्थापन झाला. त्यांत वेल्श मिशनरी आणि मिझो पुढारी दोघेही होते. तोच आजचा यंग मिझो असोसिएशन. ख्रिस्ती जीवनाचा आदर हे त्याचे एक उद्दिष्ट आहे, परंतु तो कोणत्याही एका पंथाच्या मंडळीचा नाही. गावात मृत्यू झाला की खड्डा खणावयाला ह्या संघाची पोरे येतात, आणि पुढे काही रात्री दु:खी घरात बसून गाणी म्हणतात, घर एकटे पडू देत नाहीत. पैसे देऊन खड्डा खणून घेण्याची वेळ तेथे कोणावर येत नाही.

ह्या मेळाची कसोटी १९५९ साली लागली. बांबू फुलला, बियांवर उंदीर माजले, उंदरांनी पिके खाल्ली आणि दुष्काळ पडला. मदत अपुरी पडली. दुष्काळनिवारणासाठी निघालेल्या संघटनेचे १९६१ साली लालडेंगांच्या नेतृत्वाखाली मिझो नॅशनल फ्रंटमध्ये रूपांतर झाले, १९६६ साली बंड झाले, मार्चमध्ये आपल्याच विमानदलाने ऐझॉलवर बाँब टाकले, आणि पुढील वर्षापासून गावेच्या गावे उठवून रस्त्याकडेच्या वस्त्यांत कोंडली गेली. ३० जून १९८६ च्या करारापर्यंत ही धग होती. मंडळीच्या पुढाऱ्यांनी दोन्ही बाजूंकडे जाऊन समेटाची बोलणी चालू ठेवली, हे त्यांच्या नावे जमा धरले पाहिजे.

जमेबरोबर खर्चाची बाजूही मांडली पाहिजे. मेळ जितका घट्ट, तितके त्याचे कुंपण उंच. मिझोरामात शेकडा सत्याऐंशी लोक ख्रिस्ती आहेत, पण चकमा बौद्ध आहेत आणि ब्रू लोकांची भाषा निराळी आहे. १९९७ साली ब्रूंची हजारो कुटुंबे भिऊन त्रिपुरात पळाली. मिझो संघटनांवर त्यांनी आरोप केले. तेवीस वर्षे ती माणसे छावण्यांत राहिली, आणि जानेवारी २०२० मध्ये करार झाला तो त्यांना त्रिपुरातच वसविण्याचा. ज्यांच्या घरी रोज दुसऱ्यासाठी मूठ काढली जाते त्यांच्या शेजाऱ्याला ती मूठ पोहोचली नाही. मादक पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत तरुणांनी स्वत:च शिक्षा केल्याच्या तक्रारीही झालेल्या आहेत.

आणि मग २०२१ चा फेब्रुवारी आला. ब्रह्मदेशात लष्कराने सत्ता घेतली आणि चिन लोक तियाउ नदी ओलांडून येऊ लागले. मार्चमध्ये दिल्लीहून सीमेवरच्या राज्यांना लेखी सूचना आली की आत येऊ देऊ नका. मुख्यमंत्री झोरामथांगा, जे एकेकाळी स्वत: बंडखोरांत होते, त्यांनी पंतप्रधानांना लिहिले की ही आमची रक्ताची माणसे आहेत, आम्ही त्यांच्याकडे पाठ फिरवू शकत नाही. आलेल्यांची संख्या पुढे तीस हजारांवर गेली. २०२३ साली मणिपुरातील दंगलीतून पळालेले हजारो लोक त्यांत मिसळले. बांबूची घरे तरुण संघाने बांधली, आणि छावण्यांतली चूल मंडळ्यांच्या व गावकऱ्यांच्या तांदळावर पेटली.