जगाला पुरावा देणारी गावं

करकंबच्या बाजूला एखाद्या बाईला 'पिशवीचा कॅन्सर' असल्याची शंका आली, की नातेवाइकांच्या बोलण्यात बार्शीचं नाव येतंच. कुर्डुवाडीवरून बार्शी गाठायची आणि नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात दाखवायचं, ही वाट पंढरपूर-माढा पट्ट्यातल्या कित्येक घरांनी तुडवली आहे. मात्र या हॉस्पिटलाचं जगाशी असलेलं नातं आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कोणत्या पद्धतीने करावी, त्याच्या लसीचे किती डोस पुरेत, याबद्दल आज जगभर जे सांगितलं जातं, त्यामागच्या पुराव्याचा मोठा हिस्सा बार्शीच्या आसपासच्या बायकांनी आणि मुलींनी दिला आहे.

आंतरराष्ट्रीय क्लिनिकल ट्रायल म्हटलं की पांढऱ्या कोटातली माणसं, परदेशी कंपनी आणि चकचकीत प्रयोगशाळा असं चित्र उभं राहतं. प्रत्यक्षात यातल्या काही मोठ्या चाचण्या अंगणवाडीच्या खोलीत आणि देवळाच्या ओसरीवर जमलेल्या बायकांमुळे पार पडल्या.

सुरुवात नोंदवहीपासून झाली. 1987 साली बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या 346 गावांसाठी कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. देशातली ही पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी. शहरातल्या नोंदणीला हॉस्पिटलांचे कागद मिळतात. इथे तर बरेच रुग्ण हॉस्पिटलापर्यंत पोचतच नव्हते. मग कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले, सरपंच आणि शिक्षकांना भेटू लागले. कुणाला गाठ आहे, कुणाच्या अंगावरून जातंय, याची चौकशी करून संशयित रुग्णाला तपासणीपर्यंत आणू लागले. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून एक गोष्ट दाखवून दिली: नुसतं गावात जाऊन लक्षणं समजावून सांगितली, तरी बायका रोगाच्या आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागतात. माझ्या मते पुढच्या सगळ्या संशोधनाचं भांडवल हेच होतं. मोजणी करणारी माणसं त्या गावांच्या ओळखीची होती.

या पायावर 1999 च्या ऑक्टोबरमध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक अवाढव्य चाचणी उभी राहिली. मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचं हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या लियाँ इथली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी ती मिळून केली. पैसा गेट्स फाउंडेशनचा होता. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका. गावांचे 52 समूह करून चिठ्ठ्या टाकल्यासारखी त्यांची चार गटांत वाटणी झाली. कोणतं गाव कोणत्या गटात जाईल हे ना डॉक्टर ठरवत होते ना सरपंच, आणि अशा चाचणीची सगळी ताकद या वाटणीतच असते. डॉक्टरांनी निवड केली असती, तर नकळत धडधाकट बायका एका बाजूला गेल्या असत्या आणि निकालाला काही अर्थ उरला नसता.

एका गटात हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूची तपासणी झाली, दुसऱ्यात पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. तिसऱ्यात गर्भाशयमुखाला पातळ अ‍ॅसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहायचं, जिला 'व्हिनेगरची तपासणी' म्हणतात. चौथ्या गटाला आरोग्यशिक्षण आणि त्या वेळी जी मिळत होती ती नेहमीची सेवा. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर 2 एप्रिल 2009 च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल छापून आला. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगाने 34 बायका गेल्या, चौथ्या, म्हणजे तुलनेच्या गटात 64. दोन्ही गट जवळजवळ सारख्या आकाराचे होते. पुढच्या टप्प्याला गेलेले कर्करोग एचपीव्हीच्या गटात 39 आणि तुलनेच्या गटात 82. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅप स्मिअर आणि व्हिनेगरच्या गटांत मात्र तेवढा ठोस फरक दिसला नाही.

याच सुमारास मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांचे सहकारी व्हिनेगरचीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा करत होते. तिथे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. 2013 मध्ये तो निकाल जाहीर झाला. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की कामाची गोष्ट कळते. स्वस्त तपासणीला पुन्हा पुन्हा जावं लागतं, महाग तपासणी एकदा केली तरी बरंच पदरात पडतं.

आता त्या 64 बायकांविषयी. अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी कडक शब्दांत विचारलं, की तपासणीने जीव वाचतो हे पॅप स्मिअरमुळे श्रीमंत देशांत केव्हाच कळलं होतं, मग हजारो बायकांना तपासणीशिवाय का ठेवलं? संशोधकांचं उत्तर होतं की देशात तशी तपासणी कुठेच होत नव्हती, त्यामुळे कुणाचं काही काढून घेतलेलं नाही. दोन्ही बाजू मी मन लावून वाचल्या आहेत. उत्तरात तथ्य आहे. व्हिनेगरची पद्धत आणि एचपीव्हीची तपासणी आपल्या खेड्यांत चालेल का, हे तेव्हा खरोखरच कुणाला ठाऊक नव्हतं. पण 'सरकार काही देत नाही' हा आधार घेऊन जेव्हा तुलनेचा गट उभा राहतो, तेव्हा निकाल लागल्यावर सरकारला ते द्यायला भाग पाडणं हे संशोधकांचं, पैसा देणाऱ्यांचं आणि आपल्या सगळ्यांचं देणं होतं. ते फिटलेलं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 30 ते 49 वयाच्या भारतीय बायकांपैकी ज्यांची गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झाली अशांचं प्रमाण दोन टक्क्यांच्याही आत निघालं.

एचपीव्हीवरच्या लसीची कहाणी याहून विलक्षण आहे. सप्टेंबर 2009 मध्ये लियाँच्याच संस्थेने देशातल्या नऊ ठिकाणी एक चाचणी सुरू केली. बार्शी त्यात होतं. 10 ते 18 वर्षांच्या 20,000 अविवाहित मुलींपैकी निम्म्यांना लसीचे दोन आणि निम्म्यांना तीन डोस द्यायचे, असा बेत होता. त्याच वेळी 'पाथ' या संस्थेचा एचपीव्ही लसींचा एक वेगळा प्रकल्प तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात चालू होता. तिथल्या सात मुलींच्या मृत्यूंवरून देशभर गदारोळ उठला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, पण दुसरंच काही उघड झालं: वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने 2013 मध्ये यावर कठोर ताशेरे ओढले, आणि ते योग्यच होते.

एप्रिल 2010 मध्ये सरकारने सगळ्या चाचण्यांमधलं एचपीव्ही लसीकरण थांबवलं. बार्शीसह नऊही ठिकाणच्या चाचणीत तोवर 17,729 मुलींना लस मिळाली होती, आणि त्यातल्या जवळपास पाच हजार जणींना एकच डोस मिळाला होता. काम फसलं म्हणून संशोधकांनी दप्तर गुंडाळलं असतं तर कुणी दोष दिला नसता. त्यांनी वर्षानुवर्षं या मुलींचा पाठपुरावा चालू ठेवला. मुली मोठ्या झाल्या, लग्नं होऊन दुसऱ्या गावी गेल्या, तरी त्यांना शोधून भेटणं चालूच राहिलं. 2021 मध्ये 'लॅन्सेट ऑन्कोलॉजी'त निष्कर्ष आला: एचपीव्हीच्या 16 आणि 18 या घातक प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसचं संरक्षण 95.4 टक्के, तीन डोसांचं 93.3. म्हणजे फरक नाहीच.

एका डोसचा गट चिठ्ठी टाकून ठरलेला नव्हता, म्हणून पुराव्यात एक उणीव होती. ती केनियातल्या 2,275 तरुणींवरच्या चाचणीने भरून काढली. तिथे रीतसर वाटणी करून दिलेल्या एका डोसने दीड वर्षात 97.5 टक्के संरक्षण दिलं. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं सांगितलं. गरीब देशांसाठी लसीकरणाचा खर्च आणि खटपट यामुळे किती उतरली, याचा हिशेब कुणीही करावा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची याच रोगावरची सर्वाव्हॅक लस 2023 च्या जानेवारीत आली.

महाराष्ट्रात अशी आणखीही ठिकाणं आहेत. शिरूर तालुक्यातल्या वढूला पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचं संशोधन केंद्र आहे. जुलाबावरच्या रोटाव्हॅक लसीची 6,799 बाळांवरची चाचणी दिल्ली आणि वेल्लोरबरोबर तिथेही झाली, आणि 2016 पासून ती लस सरकारी लसीकरणात आहे. पुण्यातली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था नऊ देशांतल्या 1,763 जोडप्यांच्या चाचणीत होती. एचआयव्हीबाधित जोडीदाराला औषध लवकर सुरू केलं तर दुसऱ्याला होणारी लागण 96 टक्क्यांनी कमी होते, हे त्यातून 2011 मध्ये कळलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन, शेजारच्या 47 गावांशी तुलना करून, नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 मध्ये दाखवलं. तिथे अंगठेबहाद्दर बायकाही आरोग्यदूतांच्या मदतीला होत्या. त्याच्याही मागे गेलं तर 1897 ची मुंबई दिसते: हाफकिनने आपण बनवलेली प्लेगची लस 10 जानेवारीला आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. कैदी स्वेच्छेने पुढे आले असं नोंदलेलं आहे. गजाआडच्या माणसाची स्वेच्छा कितपत मोकळी असते, हा प्रश्न तेव्हा कुणी फारसा विचारला नाही.

आज तो विचारावाच लागतो. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सरकारचे कान उपटल्यावर चाचण्यांचे नियम बदलले, आणि 2019 मध्ये नवे नियम आले. चाचणीची नोंद सरकारच्या सीटीआरआय नोंदवहीत आधी व्हायला हवी. ती इंटरनेटवर फुकट पाहता येते. चाचणीला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत किमान सात जण, त्यात एक बाई, एक कायदा जाणणारा आणि एक सामान्य माणूस हवा. इजा झाली तर उपचार मोफत, मृत्यू चाचणीमुळे झाला असेल तर भरपाई. आणि बाहेर पडायचं झालं तर कोणत्याही दिवशी, कारण न देता. करकंबमध्ये कुणी उद्या असा कागद घेऊन आलं, तर सही करण्याआधी ही यादी समोर ठेवावी, कागद घरी न्यावा, शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्यावा. 'डॉक्टरसाहेब म्हणताहेत म्हणून' हे सहीचं कारण होऊ शकत नाही.

नुसती भीती घालणं मात्र मला मान्य नाही. 'आमच्यावर प्रयोग' हे वाक्य टाळ्या मिळवतं, आणि जिथे औषधाचा पुरावाच नाही तिथे तेच माणसांना वाऱ्यावर सोडतं. धाराशिवच्या बायकांनी दिलेला पुरावा सरकारी कार्यक्रमात पुरता उतरलेला नाही. 2016 च्या सरकारी मार्गदर्शनानुसार तिशीपुढच्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हिनेगरचीच तपासणी व्हायची आहे. बऱ्याच ठिकाणी तीही होत नाही. एचपीव्हीसाठी नमुना बाईला स्वतःच, आडोशाला जाऊन घेता येतो. डॉक्टर लागत नाही, टेबल लागत नाही, लाजेचा प्रश्न बराचसा मिटतो. आशाताईंनी नळ्या वाटायच्या, ठरलेल्या वारी गोळा करायच्या आणि प्रयोगशाळेत पाठवायच्या. दोष निघाला तर बाईला उपचारापर्यंत नेणारं माणूस मात्र नेमून द्यायला हवं, कारण पाठपुराव्याशिवाय ही तपासणी वाया जाते. पंढरपूर तालुक्यात हे सुरू करायला नवी चाचणी लागत नाही. जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात एक ओळ लागते, आणि ती मागायला ग्रामसभा पुरेशी आहे.