मुंबई ते लंडन : अंतर आणि अवधी

मुंबईहून लंडन किती दूर, असे कोणी विचारले तर उत्तर एका आकड्यात देता येते : सुमारे ७२०० किलोमीटर. तेथे पोहोचण्यास किती वेळ लागतो, हे मात्र त्या आकड्यावरून सांगता येत नाही; आणि माझ्या मते हाच प्रश्न अधिक विचारणीय आहे, कारण अंतर पृथ्वीने कायमचे ठरवून दिलेले असते, तर अवधी वाऱ्याच्या आणि राज्यकर्त्यांच्या मर्जीने रोज नव्याने ठरतो.

प्रथम मार्गाचेच पाहू. शाळेच्या भिंतीवरील सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली आणि तीच दिशा धरून विमान गेले, तर सुमारे दोनशे किलोमीटरचा फेरा पडेल. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरावा, म्हणजे खरी जवळची वाट दिसते : सौराष्ट्र, बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्राचा काठ, कॉकेशस, युक्रेन, पोलंड, जर्मनी. मुंबईहून वायव्येस निघालेला हा दोरा कोठेही न वाकता लंडनला टेकतो, तेव्हा त्याची दिशा जवळजवळ थेट पश्चिम झालेली असते.

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान पहिल्यांदा लंडनला निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा येथे मुक्काम करीत गेले. पंख्याच्या त्या विमानांना जी उंची गाठता येत नव्हती, त्या दहा-अकरा किलोमीटरांवरून आजची जेट विमाने जातात आणि तेथेच पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा झोतवारा त्यांना भेटतो. हिवाळ्यात तो विशेष प्रबळ असतो. म्हणून जाताना साडेनऊ-दहा तास लागत असतील, तर परतताना साधारण तासभर वाचतो.

वेळापत्रकातील तफावत मात्र याहून कितीतरी मोठी दिसते. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असते. त्यामुळे पहाटे दोनला मुंबई सोडून दहा तास उडालेला प्रवासी तेथील साडेसहालाच उतरतो, आणि रात्री नऊला लंडन सोडून नऊ तासांत परतणारा मात्र दुसऱ्या दिवशी साडेअकराला. कागदावर एक फेरी साडेचार तासांची, दुसरी साडेचौदा तासांची!

वारा आणि घड्याळ यांचा हिशेब आधी मांडता येतो. सरहद्दींचा मांडता येत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटले आणि युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले, तेव्हा त्या सरळ दोऱ्याचा मधला भाग तुटला व विमाने तुर्कस्तान-रुमानियाच्या बाजूने वळली. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना मना केली, आणि दोऱ्याचा मुंबईकडील आरंभही गेला. आता अरबी समुद्रावरून वळसा घेणे आले. ब्रिटिश विमानांना ती मनाई नव्हती. म्हणजे त्याच दोन नगरांमधली, त्याच वाऱ्यातली दोन विमाने, पण कोणत्या देशाच्या दप्तरी त्यांची नोंद आहे एवढ्यावरून एकाला जवळची वाट खुली आणि दुसऱ्याला अधिक इंधन भरून दूरची वाट धरणे भाग.