पूरनियंत्रणात लहान जलसाठ्यांची भूमिका : उपयुक्तता व मर्यादा

प्रस्तावना :
पूरनियंत्रण म्हटले की मोठी धरणे व संरक्षक भिंती डोळ्यांसमोर येतात. तथापि पाणलोट क्षेत्राच्या वरच्या भागात अनेक लहान साठे निर्माण करूनही पुराची तीव्रता कमी करता येते. प्रस्तुत लेखात या उपायाचे तत्त्व, एक प्रत्यक्ष उदाहरण व महाराष्ट्राच्या संदर्भातील मर्यादा यांचा विचार केला आहे.

तत्त्व :
पुराची पातळी केवळ एकूण पावसावर नव्हे, तर ते पाणी किती कमी वेळात नदीत एकत्र येते यावरही अवलंबून असते. लहान साठा त्यातील काही पाणी थोपवून धरतो व नंतर सावकाश सोडतो. एकूण पाणी जवळजवळ तेवढेच राहते. मात्र पुराचा कमाल प्रवाह घटतो. त्यासाठी अतिवृष्टीच्या वेळी साठा रिकामा असणे आवश्यक असते. आधीच भरलेल्या तलावात आलेले बहुतेक पाणी सांडव्यावरून पुढे जाते.

पिकरिंगचा प्रयोग :
इंग्लंडमधील नॉर्थ यॉर्कशायरमधील पिकरिंग या गावास १९९९, २०००, २००२ व २००७ मध्ये पुराचा तडाखा बसला. भिंती बांधण्याचा खर्च परवडणारा नसल्याने २००९ पासून तेथे निराळी योजना राबविण्यात आली. ओढ्यांवर ओंडक्यांचे, पाणी झिरपू देणारे दीडशेहून अधिक बांध घालण्यात आले. गावाच्या वरच्या बाजूस सुमारे १ लाख २० हजार घनमीटर पाणी तात्पुरते थोपविणारा मातीचा बांधही २०१५ मध्ये पूर्ण झाला. एरवी ओढा त्यातून मोकळा वाहतो. केवळ पुराचे पाणी मागे साठते. डिसेंबर २०१५ च्या अतिवृष्टीत या उपायांमुळे कमाल प्रवाह १५ ते २० टक्क्यांनी घटल्याचा अंदाज वर्तविण्यात आला.

महाराष्ट्राचा संदर्भ :
आपल्याकडील पाझर तलाव व गावतळी जलसंधारणासाठी असतात. ती लवकर भरावीत हीच अपेक्षा असते. साहजिकच ऑगस्टच्या अतिवृष्टीत त्यांत रिकामी जागा थोडीच उरते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बर्गे पावसाळ्यात काढलेले असतात. त्यामुळे तेही पूर थोपवीत नाहीत. कृष्णा-पंचगंगा खोऱ्यातील २०१९ च्या पुराप्रमाणे पाऊस अनेक दिवस चालल्यास लहान साठ्यांचा प्रभाव आणखी ओसरतो. शिवाय देखभालीकडे दुर्लक्ष झाल्यास साठाच संकट ठरू शकतो. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटून खालच्या वस्तीतील अनेकांना प्राण गमवावे लागले, हे विसरता येणार नाही.

समारोप :
सारांश, लहान साठे लहान ओढ्यांवरील व मध्यम स्वरूपाच्या पुरावर परिणामकारक ठरतात. महापुरास तो पर्याय नव्हे. जलसंधारण भरलेला साठा मागते, तर पूरनियंत्रण रिकामा. म्हणून पूरनियंत्रणासाठी राखावयाची जागा व पाणी सोडण्याची व्यवस्था आराखड्यातच निश्चित केली पाहिजे. परिसरातील तलावांची पावसाळ्यातील पातळी नियमित नोंदविण्याचे काम महाविद्यालयांच्या भूगोल विभागांना विद्यार्थ्यांच्या साहाय्याने सहज करता येईल. अशा नोंदींशिवाय कोणत्या तलावात किती पूर सामावेल, हे सांगणे कठीण आहे.